काहीच उगवलं नाही

३ मार्च
मेंदूत रक्तस्राव होऊनही माणूस खुशीत असू शकतो, हे आज कळलं. कवटीला छिद्र पाडून साचलेलं पाणी काढायला नळी बसवली आणि तीन दिवसांची डोकेदुखी तासाभरात पळाली. वॉर्ड झकास आहे, खिडकीतून फिओर्डची खाडी दिसते. परिचारिका बिर्थे सांगते की या नळीतच जंतुनाशक औषध मुरवलंय, नवा प्रयोग आहे. फळ्यावर १९१ लिहिलंय. तितके दिवस इथे एकालाही नळीतून संसर्ग झालेला नाही. दोनशेला केक. मी चाळीस वर्षं चीज केलंय, तेव्हा चव मीच पारखणार, असं तिला बजावलं. ती म्हणाली, अहो चीजवाले, आधी ताटातला राय धान्याचा काळा पाव संपवा.

५ मार्च
रुथ थर्मासमधून घरची कॉफी घेऊन आली. चाळीस वर्षांचा संसार, पण नवी नवरी असल्यासारखी बावरली होती. रोज नळीच्या तोटीतून थोडं पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे बशीत जंतू उगवतात का ते बघतात. काहीच उगवलं नाही.

८ मार्च
ताप. मान लाकडासारखी झालीय. डॉक्टर अस्गर माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणतो, पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्यात, पण त्या रक्तस्रावामुळे, संसर्गामुळे नव्हे. बशी स्वच्छ आहे ना, मग घाबरता कशाला?

९ मार्च
आता कळलं! औषध टोचलेल्या गाईचं दूध चुकून टाकीत आलं की आमच्याकडे विरजणच लागत नसे. दूध चांगलं म्हणून नव्हे, त्यातलं औषध विरजणाला मारायचं म्हणून. माझं पाणी औषधाच्या नळीतून येतं. औषध बशीत उतरतं. मग तिथे काय उगवणार, कपाळ? जंतू आत खोलवर मजेत आहेत.
अस्गरला म्हटलं, मेंदूतलं हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं ना, मग पाठीत सुई घालून नमुना घ्या, तो नळीतून येणार नाही. तो हसला. म्हणाला, काका, मेंदू म्हणजे काही दुधाची टाकी नव्हे. त्या हसण्याचा मला संताप आला.

१० मार्च
शब्द सापडत नाहीत. रुथला 'पाठ' म्हणायला गेलो, तोंडून 'बादली' निघालं. ती रडली. हात अजून लिहितो. अस्गरला चिठ्ठी पाठवली. फाइलवर शेरा पडला: रुग्ण संभ्रमित, दुधाबद्दल लिहितो.

१२ मार्च
दोनशे. केकवर कागदी झेंडे. सगळे गात होते. माझ्या डोक्यात काहीतरी वाढतंय — आणि प्रयोगशाळेचा कागद म्हणतो, नाही. बिर्थेने तुकडा भरवला. गिळता आला नाही. भीती वाटते. फार भीती —

१३ मार्च
फाइलला लावलेली माझी चिठ्ठी रुथने वाचली. अस्गरची बाही धरून ठेवली, सोडेचना. माझी रुथ, जी कधी दुकानदाराशीही वाद — शेवटी पाठीत सुई घातली. पाणी गढूळ.

१४ मार्च
उगवलं. बशी भरून. अस्गर माझ्याकडे बघत नाही. रुथला म्हणाला, जोराचं औषध सुरू केलंय, उशीर झाला, पण बघू — आणि हा संसर्ग प्रयोगात धरता येणार नाही. नियमात फक्त नळीतला नमुना — नळीतला तर स्वच्छच —

१५
उजवा हात गेला. डाव्याने
शेजारच्या कॉटवर नवी बाई. तीच नळी. हसतेय. बिर्थेने तोटीतून नमुना — सकाळी — स्वच्छ
रुथ तिला सांग. आत्ता. नळीतून नको पाठी