मंगळवार-शुक्रवारची खुर्ची

लिहून ठेवणार मी, सगळ्यांची गादीवाली आजी, वय सदुसष्ट किंवा एकोणसत्तर (आईला पूर आठवत होता, साल नाही), धंदा गाद्या शिवणे, शिक्षण तिसरी, तीही दुसऱ्या खेपेला. मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. रक्ताचा होता, तो सकाळच्या गोळीने उतरला. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डाव्या हातात दोन सुया आहेत आणि रक्त मशीनमध्ये धुऊन परत अंगात येत आहे, म्हणून उजव्या हाताने लिहिते. चार तास उठता येत नाही, त्यामुळे घाई नाही.

सर्वांत आधी हे लिहिते की मी आजी झाले. आजी सगळे म्हणतच होते, पण खरी अकरा दिवसांपूर्वी झाले. मुलीला मुलगी झाली! फोटोत नाक अगदी माझ्या नवऱ्याचं आहे, म्हणजे पोर शिंकली की गल्लीला कळणार. सिस्टर म्हणाली, “आजी, एवढं हसू नका, हात हलतो, मशीन ओरडेल.” ओरडलंच.

कलम एक. दीड खोली, पुढची ओसरी आणि छपरावरची टाकी मुलीला. जावयाने खुशाल राहावं. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त दार उघडं टाकतो. मागच्या भिंतीला ओल आहे, तिथे कपाट लावून ठेवलं आहे. कपाट हलवू नये.

कलम दोन. माझी तीन दाभणं, मापाचा गज आणि कापूस झोडायची काठी नातीला. ती डॉक्टर झाली तरी टाके घालायला हात बसलेला बरा. तिच्यासाठी शिवलेली छोटी गादी बसने पाठवली आहे. मी स्वतः गेले असते. पण जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. शुक्रवारची दुपार ते मंगळवारची सकाळ यांत चार दिवससुद्धा पुरे होत नाहीत. म्हणजे दारातून नाक बघायचं आणि उलट्या पावली फिरायचं, तरी इथली पाळी चुकायची. एक पाळी चुकली की पाणी छातीत चढतं. दाव्याला बांधलेल्या गाईसारखं आहे माझं. दावं लांब आहे, पण खुंटा इथेच.

कलम तीन. धाकट्या दिरांनी सतरा वर्षांपूर्वी आमची शिडी नेली. मागून मागून माझी जीभ झिजली. ती शिडी आता त्यांनाच देते. तिची चौथी पायरी सैल आहे, हे सतरा वर्षं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. हिशेब मिटला.

नवऱ्याचं काही उरलेलं नाही, त्यांची सायकल त्यांच्याच औषधात गेली. आमच्या दवाखान्यात डॉक्टर बुधवारी यायचे. ह्यांच्या छातीत गुरुवारी दुखायला लागलं. मी हातगाडीवर घालून नेलं, तर दाराला कुलूप. हे तिथल्या पायरीवरच गेले. बुधवारी डॉक्टर आले तेव्हा मी मरणाचा दाखला मागायला गेले. ते म्हणाले, “बाई, लवकर आणायला हवं होतं.” मी म्हटलं, “सहा दिवस लवकरच आणलं होतं की!” हे कोणत्या कलमात बसतं मला ठाऊक नाही. लिहून ठेवलं.

कलम चार. आता मुख्य. माझी खुर्ची क्रमांक दोन, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची वेळ.

इथे दोन मशीनं चालू आहेत. तिसरं गोदामात खोक्यात आहे, दोन वर्षांपासून. त्याला लागणारं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवायचं राहिलं आहे म्हणतात. मी मागच्या महिन्यात पाहिलं, खोक्यावर कोणीतरी कॅलेंडरं रचून ठेवली आहेत. बाहेरच्या बाकावर माणसं बसतात. कोणी आलं नाही तर त्यांच्यातल्या एकाला ती वेळ मिळते, आणि कोणी कायमचंच आलं नाही तर खुर्ची मिळते. यादी आहे, पण वरून फोन आला की यादी मधूनच सुरू होते. बालवाडीची बाई अकरा महिन्यांपूर्वी पहिल्या नंबरवर होती. आज चौथी आहे. वय तेहतीस, दोन लेकरं, पाय सुजून चपलेत मावत नाहीत. म्हणजे स्पष्ट लिहायचं तर ती माझ्या मरणाची वाट बघत बसते. म्हणून मी त्या बाकाला गादी शिवून दिली. वाट बघायचीच तर मऊ तरी बसावं.

एका शुक्रवारी मी माझी पाळी गुपचूप तिला दिली. सोमवारी मला चौघांनी उचलून आणलं. सिस्टर दोघींवर कडाडली, “हा काय झोपाळा आहे का, आळीपाळीने बसायला? एकीला वाचवताना दोघी जाल!” तेव्हापासून ते बंद. सबब, माझ्या मागे ही खुर्ची बालवाडीच्या बाईला मिळावी, फोनवाल्याला नाही.

शेजारच्या खुर्चीत अर्जवाले काका असतात. चाळीस वर्षं कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिले. ते म्हणाले, “आजी, खुर्ची तुमच्या मालकीची नाही. ठेवता येत नाही.”

मी म्हटलं, “मग कोणाची?”

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. बाकाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क आहे. आठवड्यातून आठ तास ते मी वाचते. माझं वाचन त्यावरच सुधारलं. पण मला सांगा, रस्ता प्रत्येकाचा आहे, म्हणून रस्ता कोणाच्या नावावर करायचा असा विचार माझ्या मनात तरी येतो का? जे खरंच प्रत्येकाचं असतं ते मृत्युपत्रात लिहावं लागत नाही. खुर्ची लिहावी लागते आहे.

काका म्हणाले, “लिहा. निदान वाचतील तर. पण एक नियम. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदाराची सही करायची नाही. केली तर त्याचं मिळायचं ते गेलं.”

इथवर लिहून मी बाईला आत बोलावलं, ऱ्हस्व-दीर्घ बघायला. तिने उभ्यानेच वाचलं. शिडीला हसली. चौथ्या कलमाशी थांबली. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली साक्षीदाराच्या जागी सही करून टाकली.

“अगं ए वेडे! सही केलीस तर खुर्ची गेली!”

“बाहेर ऐकू येतं आजी. म्हणूनच केली.”

“मग लेकरांचं काय?”

ती खुर्चीच्या कडेला टेकली. “मागच्या मंगळवारी तुम्हाला उशीर झाला ना? सव्वानऊ झाले, खुर्ची रिकामी. मला आनंद झाला आजी. इतका आनंद झाला की पिशवीही उचलली. मग तुम्ही आलात, हातात त्या बाकाची गादी. मला असं जगायचं नाही.”

मशीन ओरडलं. या वेळी मी हसत नव्हते.

बाहेर जाऊन तिने बाकावर सांगितलं असावं. बाकावरचा टेम्पोवाला आत आला आणि विचारलंही नाही, सही करून गेला. मग पाववाल्याची आई आली, तिने अंगठा दिला. काका ओरडत होते, “अरे, दोन साक्षीदार पुरतात!” कोणी ऐकलं नाही.

कलम चार (दुसरं, पहिलं खोडत नाही, दिसू दे). आज बाकावर बसलेल्या सगळ्यांनी सह्या केल्यामुळे माझी खुर्ची आता त्यांच्यापैकी कोणाला मिळू शकत नाही. कचेरी तिची यादी चालवेलच, ते मला कळतं. पण या कागदापुरतं माझ्या मरणाने आता कोणाचंच भागत नाही. राहिलं गोदामातलं खोकं. ते उघडा. अर्जवाले काका याच कागदाची नक्कल जोडून आज सुई निघाली की अर्ज लिहिणार आहेत, आणि हात मोकळा असला की त्यांचं अक्षर फार सुंदर येतं.

कलम पाच. मी इतक्यात मरणार नाही. नाक बघायचं आहे.

साक्षीदार:
बालवाडीची बाई (सही)
टेम्पोवाला (सही)
पाववाल्याची आई (डावा अंगठा)
अर्जवाले काका, खुर्ची क्रमांक एक (सही, वाकडी, सुई त्याच हातात असल्याने)

लिहून ठेवणार: गादीवाली आजी (सही)

ठिकाण: खुर्ची क्रमांक दोन. वार मंगळवार, नात अकरा दिवसांची. मशीनचा अजून सव्वा तास बाकी. बाई बाहेर बाकावर बसली आहे.