निवडलेल्याला हात लावू नये

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तो नेहमीसारखा वाकून केलेला नसून टेबलाखाली दडून केलेला आहे असं समज. तुझा गुडघा कसा आहे? भावोजी पहाटे फिरायला जातात, की नुसते बूट दाराशी काढून ठेवून पुन्हा झोपतात? तुझ्या कॉम्प्युटर क्लासमधला तो खडखडणारा पंखा दुरुस्त केलास का (नसशील केलास तर मी आलो तरी व्हरांड्यातच बसेन)? इकडे सगळे खुशाल आहेत, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं म्हणजे ही खुशाल आहे, साहेब खुशाल आहेत आणि मी अजून आहे.

साहेब म्हणजे माझे सासरे, हे तुला सांगायला नको. पण घाबरलेल्या माणसाने सगळं पहिल्यापासून सांगावं, असं तेच म्हणतात, आणि न्यायाधीश म्हणून उभा जन्म घाबरलेली माणसंच पाहिल्यामुळे त्यांना त्यातलं कळतं. निवृत्त होऊन इतका काळ लोटला, तरी ते स्वयंपाकघरात आले की आमचा फ्रिजसुद्धा घरघर आवरती घेतो. तर पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर चढलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. येताना एक बॅग, एक उशी आणि अर्धवट लिहिलेलं आत्मचरित्र घेऊन आले. मोडक्या हाताने लिहिता येईना, तेव्हा त्यांनी सांगायचं आणि कुणीतरी टाइप करायचं असं ठरलं. ही शाळेतून संध्याकाळी येते. माझं चष्म्याचं दुकान दुपारी बंद असतं. निकाल तिथल्या तिथे लागला आणि वर अपील नव्हतं.

माझं टायपिंग तुला माहीतच आहे. तुझ्याच क्लासात शिकलो आणि सख्ख्या भावाला प्रमाणपत्र द्यायला तू नकार दिलास (ते योग्यच होतं, माझा राग नाही). तरी पहिले काही दिवस बरे गेले. साहेब माझ्या पाठीमागे आरामखुर्चीत बसायचे, डोळे मिटून सांगायचे, आणि मी माझा माऊस धरून, चुकलं की खोडून, निवडून, इकडचं तिकडे करून गाडा ओढत होतो. मग एका दुपारी ते म्हणाले, "जावईबापू, तो टकटक आवाज बंद करा. माझं वाक्य मोडतं." मी म्हटलं, हा माऊसचा आवाज आहे, साहेब. ते म्हणाले, "कुणाचाही असो." माऊस ड्रॉवरमध्ये गेला. जप्त केलेला मुद्देमाल असतो ना, तसा तो आत पडून आहे, आणि ड्रॉवरला माझ्याच्याने हात लावला जात नाही.

म्हणून त्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता. तू शिकवलंस ते सगळं लक्षात आहे. शिफ्ट धरून बाण दाबला की एकेक अक्षर पकडलं जातं, कंट्रोलही धरला तर एकेक शब्द, शिफ्टबरोबर एंड दाबलं तर ओळ शेवटपर्यंत, आणि कंट्रोल धरून ए दाबलं की सगळं. पण शेवटी तू सहज एक वाक्य बोललीस आणि माझी झोप गेली. तू म्हणालीस, निवडलेलं असताना दुसऱ्या कुठल्या बटणाला हात लावू नकोस, नाहीतर निवडलेलं जाईल आणि त्या जागी तू दाबलेलं अक्षर तेवढं उरेल. ताई, हे काय यंत्र आहे? दुकानात गिऱ्हाइकाने एक फ्रेम निवडली आणि मला शिंक आली, म्हणून ती फ्रेम नाहीशी होत नाही. इथे माणसाने दिवसचे दिवस आठवून सांगितलेलं निळं होऊन मान खाली घालून उभं राहतं, आणि माझी करंगळी कुठे टेकते त्यावर त्याचं जगणं-मरणं. निळा रंग दिसला की माझ्या तळहातांना घाम सुटायला लागला. घाम सुटला की बोटं घसरतात. बोटं घसरतील म्हणून आणखी घाम. तू म्हणशील रुमाल ठेव. ठेवला आहे. तो चुकून बटणांवर पडेल म्हणून मांडीखाली ठेवला आहे.

मध्ये एकदा वरच्या ओळीतलं कुठलंसं बटण दाबलं गेलं (तू नंतर सांगितलंस, एफ आठ) आणि निळं वाढतच सुटलं. बाण दाबला की निळं पुढे. सोडवायला म्हणून एक अक्षर दाबलं तर पुढे जिथे ते अक्षर होतं तिथपर्यंत निळं. पाण्याच्या टाकीचा नळ तुटावा तसं ते साहेबांचं अख्खं कॉलेजशिक्षण गिळून त्यांच्या पहिल्या नेमणुकीपर्यंत गेलं. पाठीमागून आवाज आला, "थांबलात का?" मी म्हटलं, विचार करतोय साहेब. ते म्हणाले, "विचार मी करतो." तेव्हा मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आलो आणि तुला फोन केला, आणि तू एस्केप म्हणालीस. मला वाटलं तू मला पळून जायला सांगतेस. मी चपलाही घातल्या होत्या.

आता खरी गोष्ट. साहेबांची सगळी प्रकरणं सांगून झाली तरी सासूबाईंचं प्रकरण मागे ठेवलं होतं. त्या गेल्यापासून त्यांच्याबद्दल ते कधी बोललेलं आम्ही ऐकलं नव्हतं. मागच्या आठवड्यात खुर्चीत बसताना ते म्हणाले, "आज तिचं घेऊ. नवी फाइल करा." आणि डोळे मिटून एका दमात सांगत गेले. माझी पत्नी शांत स्वभावाची होती. घरात तिचा आवाज कधी चढला नाही. माझा प्रत्येक निर्णय तिने मान्य केला. पुढे पुढे तिला डाव्या कानाने ऐकू येत नसे, पण त्याबद्दलही तिने कधी तक्रार केली नाही. इथे माझी बोटं अडखळली. का, ते सांगतो. सासूबाई चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून माझ्या दुकानात येत (स्क्रू सैल झालेला नसे) आणि उंच स्टुलावर बसून गप्पा मारत. एकदा मी त्यांच्या डाव्या बाजूला, पाठ करून, अगदी स्वतःशी पुटपुटलो, की ही फ्रेम आता म्युझियममध्ये द्यायला हवी. तर त्या लगेच म्हणाल्या, "मला नाही ना द्यायची?" मी वळून बघतच राहिलो. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "हा कान मी फक्त घरात बंद ठेवते, जावईबापू. हे माझ्या डावीकडे बसतात आणि जेवताना निकाल वाचून दाखवतात." आणि माझ्याकडून वचन घेतलं, की हे कुणाला सांगायचं नाही. मी हिलासुद्धा सांगितलं नाही.

प्रकरण संपलं. साहेब म्हणाले, आता सगळं वाचून दाखवा. मी वाचायला लागलो तर पहिल्याच ओळीत दोनदा अडखळलो. ते म्हणाले, "अडखळताय. अक्षर मोठं करा, दिसेल नीट." (चष्म्याच्या दुकानदाराला हे ऐकावं लागलं.) अक्षर मोठं करायचं म्हणजे आधी सगळं निवडायचं. मी कंट्रोल धरला, ए दाबलं. सासूबाई पहिल्यापासून शेवटपर्यंत निळ्या झाल्या. आणि माझा अंगठा, ताई, जो इतके दिवस मी मुठीत दाबून ठेवला होता, तो सुटला आणि खालच्या स्पेसच्या लांब पट्टीवर टेकला.

पान पांढरं झालं. नुसता कर्सर उघडझाप करत होता. आणि पाठीमागून शब्द आला, "वाचा."

मी वाचलं. कोऱ्या पानावरून वाचलं. माझी पत्नी शांत स्वभावाची होती. तिचा आवाज कधी चढला नाही. पहिली चार-पाच वाक्यं बरोबर आली. साहेबांचे डोळे मिटलेले होते, कोर्टातही ते असेच ऐकत म्हणे आणि साक्षीदाराला वाटायचं झोपले. मग मला पुढचं आठवेना. पण थांबलो असतो तर त्यांनी डोळे उघडले असते, म्हणून जे तोंडात आलं ते बोलत गेलो, आणि माझ्याच आवाजात मी ऐकलं, की तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही असं मी समजत होतो, पण तो कान ती फक्त घरात बंद ठेवत असे.

मला वळायचा धीर झाला नाही.

"हे मी सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."

"मग कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. दुकानात."

मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. कधी, कुठे बसून, माझं तोंड कुणीकडे होतं, मी नेमकं काय पुटपुटलो. मी उत्तरं देत होतो आणि डोळ्यांसमोर मला माझं सामान रस्त्यावर दिसत होतं (घर आमचंच आहे, पण त्या क्षणी ते आठवलं नाही). शेवटी ते म्हणाले, "हे सांगताना ती हसत होती का?"

"हो. खूप."

"ते लिहिलंय?"

"नाही, साहेब."

"लिहा."

मी त्या कोऱ्या पानावर लिहिलं, ती हसत होती. साहेब उठले, खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. चहालाही बाहेर आले नाहीत. मी तुला फोन लावला, तुझा क्लास चालू असणार, तू उचलला नाहीस. तेव्हा मनाशी म्हटलं, बुडत्याला काडीचा आधार, आणि केलेलं मागे घ्यायला म्हणून कंट्रोल धरून झेड दाबलं. ती हसत होती, हे गेलं. पुन्हा दाबलं. आणि सासूबाई सगळ्याच्या सगळ्या परत आल्या, निळ्याच होत्या. मी श्वास रोखून बाण दाबला, निळं उतरलं, आणि अगदी शेवटी जाऊन ते तीन शब्द पुन्हा लिहिले.

साहेबांना पान पुसलं गेल्याचं अजून माहीत नाही. संध्याकाळी ते बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, की मी सांगितलेलं राहू द्या आणि तुमचंही राहू द्या. तेव्हापासून रोज दुपारी ते सांगत नाहीत, मलाच विचारतात. ती दुकानात आणखी काय म्हणायची? मी आठवून सांगतो आणि टाइप करतो. ही परवा मला बाजूला घेऊन म्हणाली, बाबा जेवताना एक अक्षर बोलत नाहीत, मधेच हसतात, तुम्ही त्यांना कसलं औषध देताय का? मी नाही म्हटलं. एकंदरीत सगळं सुरळीत आहे. पत्राचं कारण एवढंच, की पान पांढरं झालं तर कंट्रोल झेड किती मागेपर्यंत नेतं, ते सवडीने कळव. गुडघ्याला जप. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सुरळीत हे खरं नाही. सासूबाईंच्या माझ्याकडच्या आठवणी दोन दुपारींत संपल्या. तिसऱ्या दुपारपासून मी मनाने रचून सांगतो आहे, आणि तेही कुणासमोर, तर ज्यांच्यासमोर भले भले साक्षीदार घसरले त्यांच्यासमोर. सगळ्या लग्नकार्यांत तू आणि त्या एका कोपऱ्यात बसून कुजबुजत असायच्या, मी पाहिलं आहे. त्या काय बोलायच्या ते लिहून पाठव. किती का क्षुल्लक असेना, पण खरं असू दे. लवकर पाठव.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात साहेब येऊन बसले आणि म्हणाले, कालचं शेवटचं वाक्य निवडा. मी काल लिहिलं होतं, की घरात यांचा आवाज नसला की मला करमत नाही, असं त्या म्हणाल्या. मी ते निवडलं. साहेब म्हणाले, "हे तिचं वाक्य नाही." मी म्हटलं, नाही. "तुमचं आहे." मी म्हटलं, हो, पुसतो, आणि बोट डिलीटवर नेलं. ते म्हणाले, "थांबा." त्यालाही आता बराच वेळ झाला. ते डोळे उघडे ठेवून त्या वाक्याकडे बघत बसले आहेत, वाक्य निळंच आहे, आणि मी डावा हात पाठीमागे धरून उजव्या हाताने हे तुला लिहितो आहे. ते पुसा म्हणेनात आणि ठेवा म्हणेनात. मी कशालाही हात लावत नाही.