रिकाम्या घराला कुलूप

सोमवार
पोचलो एकदाचा! नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि दुकान पाहूनच प्रवासाचा अर्धा शीण उतरला. चष्म्यांचं दुकान, मागे काचा घासायची खोली, तिथेच माझं टेबल. काचा कापणारं यंत्र फक्त एका जुन्या प्रोग्रॅमचं ऐकतं, आणि तो प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून मी. कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि त्यात जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. मालकीणबाई म्हणाल्या, आठवड्यात यंत्र चाललं तर नोकरी पक्की. मग हिला आणि भिंगरीला इकडे आणता येईल.

भिंगरी म्हणजे आमची लेक. सहा वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. फोनवर विचारत होती, खोट्या कॉम्प्युटरमध्ये खोटे बाबा पण असतात का.

मंगळवार
सिस्टिम बसवताना पहिलाच प्रश्न येतो: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? आमच्या धंद्यात यावर कोणी थांबत नाही. आतली डिस्क कोरी असते, बाहेरच्याला धक्का लागत नाही. 'हो' दाबलं. शेवटाला येऊन गाडी अडली. पुन्हा पहिल्यापासून.

काचा घासणारे म्हातारे शेजारीच बसतात, सगळे त्यांना घासूमामा म्हणतात. त्यांनी विचारलं, चुकलं तर मागे जायची सोय नाही का? आहे, म्हटलं. स्नॅपशॉट घेऊन ठेवला की त्या क्षणाला परत जाता येतं. पण अजून आत आहेच काय? रिकाम्या घराला कुलूप कशाला! मामा हसले नाहीत. डब्यातला अर्धा वाटा मात्र त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

बुधवार
पुन्हा पुसलं, पुन्हा अडलं. डोळे चुरचुरतात, मान धरली आहे. पिशवी अडकवायची खुंटी सापडेना. भिंतीत खिळ्याचं भोकसुद्धा नाही. दमल्यावर माणूस काय वाटेल ते बघतो. निघताना आणखी एकदा 'हो' दाबून ठेवलं.

गुरुवार
मामा आले नाहीत. त्यांचं स्टूलही नाही. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, कोण मामा? काचा मीच घासते की, पहिल्यापासून. त्यांच्या बोटांना घट्टे होते. काल नव्हते.

तरी टेबलाशी बसलो. वाद घालायलाही अंगात जोर लागतो. पडद्यावर तोच प्रश्न, हात सवयीने गेला, आणि या वेळी सिस्टिम बसली! यंत्राने पहिली काच कापली. मालकीणबाईंनी नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. मी लगेच स्नॅपशॉट घेतला आणि बातमी द्यायला घरी फोन केला. भिंगरीला दे, म्हटलं.

ही म्हणाली, कोण भिंगरी?

शुक्रवार
हिने रडत सांगितलं, आपल्याला मूल नाही, असली थट्टा करू नकोस. फोनमधल्या फोटोंत आम्ही दोघंच. मध्ये जागा सोडून उभे.

प्रत्येक 'हो'ला बाहेरचंच काहीतरी पुसलं गेलं: खुंटी, मामा, भिंगरी. मागे जायचं ठरवलं. स्नॅपशॉट एकच. कालचा, काम झाल्यानंतरचा. तोवर ती गेलेली. तरी गेलो मागे. काही नाही. पुन्हा गेलो. सोमवारी घेतला असता तर— एक बटण दाबायचं होतं. माझ्या आळसाने माझी पोर खाल्ली.

शनिवार
मागची पानं चाळली. हे घासूमामा कोण?

म्हणजे आता माझी पाळी. मालकीणबाई विसरल्या, ही विसरली. आठवतंय तोवर लिहून ठेवतो. सहा वर्षांची. पुढचा दात पडलेला, वरचा. की खालचा— मी दारात आलो की चपला काढायच्या आत पायांना मिठी—

आवाज कसा होता—

दुपारी
वर एक नाव लिहिलंय. हाक मारून पाहिलं. मालकीणबाईंनी वळून विचारलं, कोणाला हाक मारताय?

हसताना नाक— कुणाचं—

यंत्र छान चालतंय. नोकरी पक्की. फार दमलोय. आता घरी कळवायचं, सामान बांधा. आणायचं आहे इकडे, हिला आणि—