पट्टी भरेपर्यंत

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

गेम खेळायच्या कॉम्प्युटरला नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवावी की नको, आठवडाभर माझा हाच घोळ चाललाय. दुकानदार म्हणतो, अर्ध्या तासाचं काम, गेम चटकन उघडेल. मला तेच तर नकोय, हे त्याला कसं सांगू? जुन्या हार्ड डिस्कवर लोडिंगची पट्टी भरायला चार मिनिटं लागतात. माझा धाकटा भाऊ मंदार मुंबईला असतो. फोनवर तो "बरं चाललंय" यापलीकडे जात नाही. पण आम्ही रोज एकत्र खेळतो, तेव्हा पट्टी भरेपर्यंत हेडफोनवर सगळं बोलतो. त्याला नोकरीचा वीट आलाय, इकडे आरे-वारेच्या किनाऱ्यावर येऊन नुसतं बसावंसं वाटतं, हे मला असंच कळलं. कधी कधी माझी पट्टी भरते आणि त्याची अडकलेली असते. मग आणखी बोलतो.

आज शेवटी त्यालाच विचारलं. तो हसतच सुटला.

"ताई, माझ्याकडे एसएसडी कधीची आहे गो!"

"मग तुझी पट्टी अडकते ती?"

"बोलणं अर्ध्यावर राहिलं की अडकते."

वेडीच मी. उद्या शाळेतून आले की कॅबिनेट घेऊन सरळ दुकानात. माझी पट्टी भरू दे चटकन. त्याची अडकेलच.