पान एक्केचाळीस, सात रेघा

प्रिय पेंडलसान,

येत्या रविवारी मला तुमच्याबद्दल तीन मिनिटं बोलायचं आहे. आपल्या नाट्यमंडळाच्या सेक्रेटरी मोरितासान यांचा काल मेसेज आला. इथल्या जपानी रीतीप्रमाणे तुम्हाला जाऊन त्या दिवशी एकोणपन्नास दिवस भरतात, म्हणून आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये सभा ठेवली आहे. कोण किती मिनिटं आणि कशावर बोलणार, याची यादी सोबत होती. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'चहाचा किस्सा'.

म्हणून हे पत्र. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की मी नको तेवढी सभ्य होते. तुम्हाला मराठी येत नव्हतं, पण ती अडचण आता राहिलेली नाही.

चहाचा किस्सा मंडळात सगळ्यांना पाठ आहे. शेवटच्या प्रयोगात पेंडलसान वाक्य विसरले, मंजिरीसानने विंगेतून ते दिलं आणि प्रयोग तरला. लोक फार प्रेमाने सांगतात. तुम्ही स्वतः तर माझ्यासमोरच सांगायचात. किस्सा खोटा आहे, पेंडलसान. हे मला दीड वर्षापासून माहीत आहे.

तुमची ओळख करून द्यायची तर मी काय सांगू? तुम्ही स्वतः म्हणायचात, "मी दार उघडणाऱ्यांपैकी." इंग्लंडच्या टीव्हीवर तुम्ही वर्षानुवर्षं दारं उघडलीत. कधी हवालदार, कधी पाद्री, कधी गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस. दार उघडायचं, एक वाक्य बोलायचं, हशा घ्यायचा आणि दार लावून निघून जायचं. नायक आत सोफ्यावर बसलेला. तेविसाव्या वर्षी तुमचे केस गेले आणि तेव्हापासून तुम्ही म्हाताऱ्यांचीच कामं केलीत. "नायक म्हातारे झाले की त्यांचं काम जातं. आम्ही आधीच म्हातारे. आम्हाला कोण काढणार?"

रस्त्यात लोक तुम्हाला ओळखायचे, पण कुठून ते त्यांना आठवायचं नाही. एका बाईंनी तर भर बाजारात अडवून सुनावलं होतं, की तुम्ही बसवलेला नळ अजून गळतोय. तुम्ही माफी मागितलीत आणि पुन्हा येऊन बघतो म्हणालात. हे सांगताना तुम्ही कधी हसायचा नाहीत, त्यामुळे आम्हीच जास्त हसायचो.

मग नाटकाचे कपडे शिवणाऱ्या किमिकोसानशी लग्न झालं आणि तुम्ही कोबेला आलात. इथे सूपच्या जाहिरातीत बटलर झालात आणि हॉटेलांमधल्या लग्नांत पाद्री. नवरानवरी ख्रिस्ती नाहीत, तुम्ही पाद्री नाही, आणि तरी नवरीची आई दर वेळी खरीखुरी रडायची. "बावीस मिनिटं! एवढी मोठी भूमिका मला लंडनने कधी दिली नाही," असं तुम्ही म्हणायचात. किमिकोसान गेल्यावरही तुम्ही परत गेला नाहीत. ते का, हे मी विचारलं नाही.

मी मंडळात आले ती सहा वर्षांपूर्वी, कंपनीने मुंबईहून कोबेच्या ऑफिसात पाठवल्यावर. दिवसभर मी शिपिंगचे कागद तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधते. पहिल्याच दिवशी मोरितासाननी विचारलं, अभिनय करता का? मी म्हटलं, नाही, मुंबईत ऑफिसच्या नाट्यमंडळात नऊ वर्षं प्रॉम्प्टर होते. बाकीच्यांनी नुसत्याच माना हलवल्या. तुम्ही मात्र उठून मला स्वतःची खुर्ची दिलीत.

तरुणपणी तुम्ही अशा नाटक कंपनीत होतात जिथे दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. सोमवारी प्रयोग सुरू, आणि पुढच्या सोमवारच्या नाटकाच्या तालमी त्याच दिवसांत. तिथे प्रॉम्प्टरशी भांडलेला नट फार दिवस टिकत नाही, असं तुम्ही सांगितलंत. आणि मला सगळ्यात आधी शिकवलंत ते विरामाचं. विनोदी नट गप्प राहतो तेव्हाही काम करत असतो. विसरलेला नट आणि थांबलेला नट बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून चेहऱ्याकडे बघायचं नाही, पुस्तकाकडे बघायचं.

त्यासाठी तुमची एक पद्धत होती. माझ्या प्रतीत, वाक्याच्या आधी, तुम्ही स्वतः पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारायचात. एक रेघ म्हणजे मनातल्या मनात एक आकडा. तीन रेघा असतील तर तीनपर्यंत मोजायचं आणि त्याच्या आत तोंड उघडायचं नाही. इतकं सोपं होतं ते. माझ्या नऊ वर्षांत कुठल्या नटाने मला असं काही लिहून दिलं नव्हतं.

शेवटच्या नाटकात तुम्ही एका लहान हॉटेलातले जुने पाहुणे होतात. दर वर्षी तीच खोली घेणारे आणि दर वर्षी खूप तक्रारी करणारे. शेवटी हॉटेल बंद होतं. मालकीणबाई डोळे पुसत विचारतात, "यंदा काही तक्रार नाही?" तुम्ही थांबायचात. आणि मग म्हणायचात, "चहा गार होता."

तालमीत तिथे तीन रेघा होत्या. पण शेवटच्या पंधरवड्यात तुम्ही दोनदा अडखळला होतात, एकदा पहिल्या अंकात आणि एकदा दुसऱ्या. तुमचं वय एकोणऐंशी. मोरितासान मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मंजिरीसान, जरा लक्ष ठेवा." तेव्हापासून मी पुस्तकापेक्षा तुमच्याकडेच बघायला लागले.

प्रयोगाच्या सकाळी मी दारापाशी, बूट काढून आत येणाऱ्या प्रेक्षकांसाठी स्लिपर मांडत होते. तुम्ही माझी प्रत हातात घेऊन आलात. "मंजिरीसान, एक्केचाळीसवर एक बदल केलाय. बघून ठेवाल?"

"हो, बघते," मी म्हटलं. आणि स्लिपर कमी पडतील की काय या काळजीत मी ती प्रत पिशवीत टाकली. नाटक मला पाठ होतं ना! पाठ असलेल्या प्रॉम्प्टरला पुस्तक कशाला लागतं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. मालकीणबाईंनी विचारलं. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, मग खिडकीकडे. मी तीन मोजले. चार. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. तुमचा चेहरा अगदी रिकामा दिसत होता. पाचला मी वाक्य दिलं, खणखणीत, माझ्या जुन्या सवयीने. पहिल्या तीन रांगांना ते ऐकू गेलं. तुम्ही मान किंचित विंगेकडे वळवलीत आणि वाक्य म्हणालात. लोक हसले. पण ते हसणं म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेणारं होतं. तो तुमचा हशा नव्हता.

मेकअपच्या खोलीत तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मी वाक्य विसरलो होतो ना?"

"अगदी क्षणभर," मी म्हटलं.

तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. ट्रेनमध्ये ईरा शेजारी बसली होती. माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते आणि ती जपानीत उत्तर देते. ती म्हणाली, "आई, तू का बोललीस? ते बोलणारच होते." जपानी नीट न कळल्यासारखं मी दाखवलं. पुष्कळदा ते खरंच असतं, त्यामुळे तिला खपलं.

घरी येऊन पिशवी रिकामी केली आणि पान एक्केचाळीस उघडलं. तीन रेघांपुढे नव्या चार होत्या, सकाळीच मारलेल्या, ठळक. एकूण सात. म्हणजे तुम्ही पाचवर होतात, आणि अजून दोन शिल्लक होत्या. सगळा हॉल तुम्ही हातात धरला होता, आणि मी येऊन दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी फोन करायचा असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमचाच मेल आला, सगळ्या मंडळाला. तीन शब्दांचं वाक्य विसरणाऱ्या नटाने आता प्रेक्षकांत बसावं, असं लिहिलं होतंत. लग्नांतला पाद्री आता येणार नाही, असं हॉटेललाही तुम्ही त्याच आठवड्यात कळवलंत. मी मेल दोनदा वाचला आणि ऑफिसला गेले.

का नाही सांगितलं? मला याचं उत्तर चांगलं सजवता येतं. तुमचं वय झालंच होतं, तालमीत अडखळलाच होतात, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं कारण अगदी साधं आहे. मंडळाने मला फुलं दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा प्रॉम्प्टरला कुणी फुलं दिली होती, आणि मला ती परत करायची नव्हती.

मग तुम्ही स्मरणशक्तीची तपासणी करून घेतलीत. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. तुम्ही मला स्टेशनवर भेटलात तेव्हा हे सांगितलंत आणि वर म्हणालात, "तो डॉक्टर चांगला आहे, पण तो त्या दिवशी विंगेत नव्हता." पेंडलसान, डॉक्टरपेक्षा तुमचा माझ्यावर जास्त विश्वास! याचं काय करायचं असतं माणसाने?

त्यानंतर एकदा मी तुमच्याकडे साबुदाण्याची खिचडी घेऊन आले होते. दारावर आतून चिठ्ठी होती, 'किल्ली. गॅस.' फ्रिजवर दुसरी, 'मंगळवार जळणारा कचरा, गुरुवार प्लास्टिक.' इतकी वर्षं इथे राहून तुम्ही कचऱ्याचा एक वार चुकवला नव्हतात. उलट गल्लीतले नवे लोक तुम्हालाच विचारायचे. आणि आता तेच वार तुम्ही पेन्सिलीने लिहून लावले होते, तशाच बारीक, काळजीपूर्वक अक्षरात. मी खिचडी टेबलावर ठेवली आणि हवेबद्दल काहीतरी बोलले. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली होती. ती अजून वाटते.

हॉस्पिटलमध्ये शेवटची आले तेव्हा न्यूमोनियाने तुमचा आवाज बसला होता. तरी तुम्ही विचारलंत, "तुमच्या मुंबईच्या स्पर्धेत पडदा अडकला होता, तेव्हा स्टूल घेऊन धावली ती अकाउंट्समधली बाई ना? पाय मुरगळलेली?" हे मी तुम्हाला सहा वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं होतं. मी स्वतः तिचा पाय विसरले होते. तेव्हा सांगायला हवं होतं की तुम्ही काहीही विसरलेले नाही. नर्स ताप बघायला आली, मी पर्स उचलली आणि निघाले. चार दिवसांनी मोरितासानचा फोन आला.

रागही आहे थोडा, तोही लिहून टाकते. चारच्या चार रेघा वाढवल्या होत्यात तर तोंडाने सांगायला काय झालं होतं? "एक बदल केलाय" म्हणे! आणि नंतर एकदा तरी प्रत मागून का नाही घेतलीत? सात मोजायचे हे तुमचं तुम्हाला माहीत होतं. मग माझा आवाज आल्यावर स्वतःचाच आकडा खोटा का मानलात? आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्याला दार उघडून देण्याची सवय, दुसरं काय. पण हे विचारायचा हक्क मी घालवून बसले आहे.

कालपासून यादी टेबलावर आहे. ईराने ती वाचली. म्हणाली, "चहाचाच किस्सा सांगणार?" या वेळी मराठीत म्हणाली, म्हणजे पळवाट नव्हती. मी तिला प्रत दाखवली. तिने बोटाने रेघा मोजल्या आणि प्रत मिटून माझ्यापुढे ठेवली. मला वाटतं, तिचं मत माझ्याबद्दल थोडं बदललं. ते बदलायला हवंच होतं.

तर आता शब्द देते. रविवारी मी विंगेत उभी राहणार नाही. समोर येऊन पान एक्केचाळीस उघडीन आणि प्रत पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत फिरवीन. रेघा मोजायला इंग्रजी लागत नाही, जपानी लागत नाही. मंडळाची फुलं मला तोंडानेच परत करावी लागतील. पेंडलसान त्या प्रयोगात एकही वाक्य विसरले नव्हते, चूक प्रॉम्प्टरची होती, हे मी सगळ्यांदेखत सांगीन.

आणि तोंड उघडण्याआधी मी सातपर्यंत मोजीन. पाचच्या सुमाराला लोक चुळबुळतील, मोरितासान काळजीने माझ्याकडे बघतील. मंजिरीसान काय बोलायचं ते विसरली, असं सगळ्यांना वाटेल.

वाटू दे.

तुमची,
विंगेतली मंजिरी