कंट्रोल म्हणजे कंट्रोल

४ फेब्रुवारी

आज पुन्हा उतरला! रक्तदाब — माझा नव्हे, उंदरांचा. आमचं नवं औषध, म्हणजे पेप्टाइड, टोचलं की रक्तवाहिन्या सैलावतात, दाब खाली येतो, हृदयावरचं ओझं हलकं होतं. चार वर्षं घासली त्याचं चीज झालं म्हणायचं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच आकड्यांवर उभं आहे. माझ्या मार्गदर्शक सरांचे तर पाय जमिनीवर नाहीत. पुढच्या महिन्यात परिषदेत भाषण आहे, त्याचा सराव आतापासून चालू. तोही केबिनचं दार उघडं ठेवून.

५ फेब्रुवारी

सरांची एकच अट. ज्यांना औषध नाही, नुसतं सलाइन टोचतो ते उंदीर, म्हणजे कंट्रोल गट, सकाळी त्यांच्यासमोरच मोजायचा. "कंट्रोल म्हणजे कंट्रोल. तिथे ढिलाई नको." मग डोक्यावर उभे राहतात. दाब मोजायचा शेपटीचा पट्टा असा का बांधला, पिंजरा तिरका का, काल फोन का उचलला नाही — सगळं वरच्या पट्टीत.

पेप्टाइडचे उंदीर मी दुपारी मोजते. तेव्हा सर केबिनमध्ये वाचन करतात. त्या वाचनाचं घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येतं.

९ फेब्रुवारी

आईचा फोन. बाबांचा दाब दवाखान्यात भलताच वाढलेला निघाला. "घरी मोजला तर अगदी व्यवस्थित. अगं, त्या डॉक्टरांचं तोंड बघूनच चढतो यांचा." मागून बाबांचा आवाज, "तुझं ते उंदरांचं औषध पाठव की मला."

खूप हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू मावळलं. दवाखान्यात जास्त, घरी कमी. सकाळी जास्त, दुपारी कमी.

१० फेब्रुवारी

सर दात दाखवायला गेले होते. संधी साधली. कंट्रोल गट एकटीने मोजला, तोंडातून शब्द न काढता. दाब पेप्टाइडवाल्यांइतकाच. एकूण एक उंदीर!

म्हणजे इतके महिने मी औषध मोजतच नव्हते. सर आहेत की नाहीत, तेवढंच मोजत होते.

११ फेब्रुवारी

गप्प बसले तर पदवी माझी. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी

सांगून टाकलं. उंदीर मोजता मोजताच.

"म्हणजे मला बघून उंदीर घाबरतात?" सरांचा आवाज असा चढला की पट्ट्यातल्या उंदराचा आकडा डोळ्यांदेखत वर गेला. मी नुसतं बोट दाखवलं. सर म्हणाले, यंत्र बिघडलंय. शेजारच्या विभागातून दुसरं यंत्र आणवलं. सरांनी त्याच्यावरही आवाज चढवला. तेही बिघडलेलं निघालं.

मग खापर माझ्यावर. "तुझ्या हातालाच वळण नाही. या प्रबंधावर मी सही करणार नाही." बरं. मी स्वच्छतागृहात जाऊन रडून घेतलं.

१६ फेब्रुवारी

सरांनी अबोला धरलाय. उंदीर मजेत आहेत.

२० फेब्रुवारी

उंदरांच्या खोलीत शिरले तर सर माझ्याआधीच आत. बूट दाराबाहेर काढलेले, स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर गुपचूप. खुणेनेच म्हणाले, मोज. कंट्रोल गट मोजला. दाब वाढला नाही. एकाचाही नाही.

सरांनी एकेक आकडा स्वतः पुन्हा तपासला. मग म्हणाले, "भाषण मागे घेतो. दोन्ही गट पुन्हा मोज. मी बाहेर थांबतो. सहीचं... बघू. करतो."

दारापाशी थबकले. बाहेरचे बूट उचलून हातात घेतले. हळूच, म्हणजे त्यांना जमेल तितक्या हळू, म्हणाले, "मी घरी आलो की मुलगी टीव्ही बंद करून आत जाते. मला वाटायचं, अभ्यासाला."