बघायला आलेल्यांची चौकशी

जळगाव, १४ जून १९८९

चि. अभिमन यास अक्काचे आशीर्वाद.

‘पाहुण्यांचे काय ठरले’ अशी तुझी तार आली. जे झाले ते तारेत बसत नाही, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. इकडे सर्व ठीक. तुझ्या पार्वताचे गुडघे कसे आहेत? (तेल तू चोळून दे. तिने वाकून चोळले की कंबर धरते.)

तू सांगितलेस म्हणून तुझ्या लेकीला, हेमलताला, बघायला फैजपूरच्या देवचंदभाऊंना रविवारी माझ्याकडे बोलावले. सोबत मुलगा मगन (शेतकीचा पदवीधर) आणि त्याची शिरपूरची आत्या रुक्माबाई. नोकरीचा विषय आपण होऊन काढू नकोस, असे मी हेमलताला बजावले होते. बंगलोरची कंपनी तिला जाणत्या माणसांना प्रश्न विचारून त्यांची अक्कल कॉम्प्युटरमध्ये भरायच्या कामाला नेत आहे, हे समजून घ्यायला मला बी.ए. असूनही दोन जेवणे लागली. पाहुण्यांना एका बशी पोह्यांत काय समजणार?

पोहे झाले, शिक्षण झाले, स्वयंपाक झाला. मग देवचंदभाऊंनी रीतीप्रमाणे विचारले, “पोरी, तुला काही विचारायचंय?” यावर मान खाली घालून नाही म्हणायचे असते. (मीही म्हटले होते, आणि पुढे वीस वर्षे विचारत बसले.) हेमलता म्हणाली, “हो. केळीचा घड कापायला आला, हे कसं ओळखता?”

“दिसतं.”

“काय दिसतं?”

“भरलेला दिसतो.” भरलेला म्हणजे काय, हेही तिने विचारले. फळाच्या कडा गोल झाल्या की भरला, असे ते म्हणाले. मग माल दिल्लीला जायचा असला तर? तेव्हा कडा थोड्या राहू द्यायच्या. थंडीत? पावसाळ्यात? देवचंदभाऊ खुर्चीच्या कडेवर येऊन सांगू लागले, चहा निवला. रुक्माबाई मला म्हणाल्या, “ही पोर बठ्ठं इचारस. कोन कोनले देखाले उनं शे?” कोण कोणाला बघायला आले आहे, हा प्रश्न मलाही पडला होताच.

इथवर ठीक होते. पण नंतर हेमलता मगनकडे वळली. “आणि तुम्ही कसं ओळखता?”

मगनने वडिलांकडे पाहिले. “आबा सांगतात तेव्हा.”

त्यानंतर बापलेकांत जे झाले ते लिहीत नाही. इतके प्रश्न कशाला, असे देवचंदभाऊंनीच विचारले, तेव्हा हेमलताने नोकरीचे सांगून टाकले. निघताना देवचंदभाऊ म्हणाले, “पोरगी पसंत. फक्त नोकरी नको. मशीनला अक्कल शिकवायला बंगलोरला कशाला जायचं? आमच्या मगनला शिकव.” हे मगनच्या देखत. हेमलता म्हणाली, “मशीन विसरत नाही, काका. मी बंगलोरलाच जाते.” त्यांना तो विनोद वाटला. ते खूप हसले.

मुलगा वाईट नाही. पण हेमलताला नोकरी हवी आहे, आणि ती तिला नीट येईल असे रविवारी माझ्या डोळ्यांसमोर दिसले. तरी मुलीचा बाप तू. तुझ्या होकाराशिवाय मी काही करणार नाही. सावकाश विचार करून कळव.

तुझी अक्का

ता. क. हेमलता काल भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेसने गेली. हजर व्हायची तारीख तुझ्या सावकाश विचाराला थांबणारी नव्हती.

ता. क. २. देवचंदभाऊंना नकार मी कळवलेला नाही, तो बापाने कळवायचा असतो. येत्या रविवारी ते बोलणी करायला धुळ्याला तुझ्याकडे येत आहेत. पत्राचे खरे कारण हेच.

ता. क. ३. फलाटावर हेमलताकडे दिले ते असे: नेमणुकीचे पत्र, प्रमाणपत्रे, वळकटी, दशम्यांचा डबा, आणि बायकांच्या वसतिगृहाचा अर्ज. अर्जावर पालक म्हणून माझी सही आहे. दुसऱ्या पालकाची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे सही करायला तुला बंगलोरला जावे लागेल.